एक मागवली, एक मिळाली

१ डिसेंबर, सोमवार

आईची हवेची गादी आली एकदाची. यशश्रीने पुण्याहून मोबाईलवर मागवली आणि तिसऱ्या दिवशी पंचवटीत दारात हजर. लेक लांब राहून एवढं करते आणि मी इथे बसून महिनाभर नुसतं "बघू, बघू" म्हणत होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की अशाच एका कुशीवर पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील. गादीवाला तीन जिने खोकं डोक्यावर घेऊन चढला. मालिनीने मोबाईलवर आलेला आकडा सांगितला, त्याने तो टाकला आणि गेला.

पंप सुरू केला की गादीचे कप्पे आलटून पालटून फुगतात. आई तासभर गप्प पडून होती. मग म्हणाली, "ढुंढ्या, खाली उंदीर सोडलेस का रे?" अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, जिभेला अजून काही झालेलं नाही. दुपारी मात्र गाढ झोपली.

३ डिसेंबर, बुधवार

आज मन प्रसन्न आहे. बऱ्हाणपूरच्या यजमानांच्या आईचं आज वर्षश्राद्ध. चार पिढ्या त्यांच्या घरची मंडळी आमच्याकडे येतात. यंदा त्यांना येणं जमत नव्हतं, म्हणून गेल्या आठवड्यात फोन केला, "गुरुजी, शय्यादानाची गादी ऑनलाइन पाठवतो, तुम्हीच आमच्या नावाने संकल्प सोडा." मी हो म्हटलं, पण धाकधूक होती. तिथीला वस्तू पोचली नाही तर काय करायचं?

आणि बरोबर आज, अकराच्या सुमाराला, दारात खोकं! तोच परवाचा गादीवाला. धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, नाव तुमचंच आहे, पण हे मोबाईलवर दाखवत नाहीये. आकडा पण येईना."

"अरे, माझंच आहे ते. यजमानांकडून यायचंच होतं. ठेव तिथे."

"सही तरी—"

"सोवळ्यात आहे मी. नंतर बघू. जा तू."

तो घुटमळला, पण खाली त्याची गाडी भर रस्त्यात उभी होती. गेला.

उघडून बघतो तर हीसुद्धा हवेची गादी, पंपासकट. मालिनी म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाला हवेची गादी कशाला? आणि हे खोकं अगदी आपल्यासारखंच दिसतंय." मी म्हटलं, गाद्यांची खोकी सारखीच असायची. त्या माऊली शेवटी वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या, मुलाने त्यांना लागत होती तशीच पाठवली. उलट किती विचार केलाय बघ! मालिनीने नुसतं "बरं" म्हटलं. तिचं "बरं" मला कधीच आवडत नाही.

संकल्प यथासांग झाला. आमच्याकडे शय्यादानाची गादी रात्रीची घरात राहत नाही, वडिलांचा नियम. ती गरजवंताला देऊन टाकायची. आमच्याकडे भांडी घासायला येणारी मीना, तिचा नवरा काळू पेठ तालुक्याकडचा. इथे बांधकामावर होता, पडला, चार महिने अंथरुणात आहे. संध्याकाळी रिक्षात घालून गादी त्याच्याकडे पोचवली आणि पंप लावून दिला. मीना रडायलाच लागली. असं दान हातून घडलं की आपला व्यवसाय सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

६ डिसेंबर, शनिवार

जेवायला बसणार तोच तो गादीवाला पुन्हा दारात. म्हणे, बुधवारची गादी चुकून आली, कंपनीकडून एकाच ऑर्डरचा माल दोनदा निघाला, परत द्यावी लागेल.

माझं डोकंच फिरलं. "दान परत मागायला आलास? ती बऱ्हाणपूरहून आली होती!"

"नाही गुरुजी, आमच्याच हबवरनं, गोदामातनं आली. खोक्यावर नाव वाचलंय मी. जरा बघू द्या ना."

"इथे नाही ती. देऊन टाकली."

"मग नुसतं लिहून द्या की माझ्याकडनं घेतली. दोन ओळी. माझ्यावर येतंय हो."

मी म्हटलं, तुमच्या घोळात माझी सही अडकवायची नाही. दार लावलं. जिन्यात बराच वेळ उभा असावा, चपलांचा आवाज उशिरा ऐकू आला.

दुपारी त्यांच्या हबमधून फोन. "गुरुजी, तुमच्याकडे गाद्या किती आल्या?" मी आधीच तापलेला. सांगितलं, "एक मागवली, एक मिळाली. बाकी माझ्या यजमानांचं काय ते मी बघीन." तो म्हणाला, "बस, एवढंच विचारायचं होतं." विषय संपला. साठ वर्षांच्या वर वय झालंय माझं. गंगाघाटावर माझ्या शब्दावर लोक आपल्या आईबापांच्या अस्थी सोपवतात आणि हे माझी उलटतपासणी घेणार!

११ डिसेंबर, गुरुवार

बऱ्हाणपूरहून फोन आला. "गुरुजी, क्षमा करा. घरात आजारपण निघालं, गादी पाठवायची राहूनच गेली. तिथी टळली. आता काय करायचं?"

"नंतर बोलतो," म्हणून फोन ठेवला आणि तसाच आईच्या पलंगाशी जाऊन बसलो.

म्हणजे मी दुसऱ्याच्या गादीवर पाणी सोडलं. जी वस्तू यजमानांची नाही, माझी नाही, ती मी दान घेतली आणि दान देऊनही टाकली. वर तो माणूस दोनदा सांगत होता की नीट बघा.

मालिनीला सांगितलं. ती "मी म्हणत होते" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

खरं लिहायचं तर पहिला विचार हाच आला की गप्प बसावं. कंपनी केवढी, गादी केवढी. काळूच्या पाठीखाली आहे, सत्कारणी लागली. पण मी उद्या घाटावर कुणाला "मम" म्हणायला कुठल्या तोंडाने सांगू? नाही, परत करायचीच. ठरलं म्हणजे ठरलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बऱ्हाणपूरला फोन करून सगळं सांगितलं. ते मनमोकळं हसले. मला काही हसू आलं नाही. पुढच्या महिन्यात याच तिथीला संकल्प पुन्हा करायचा.

मग कंपनीचा फोन. आधी यंत्र बोललं, मग गाणं लागलं, पुन्हा यंत्र. चाळीस मिनिटांनी एक मुलगी आली.

"सर, तुमच्या अकाउंटला एकच गादी दिसतेय आणि ती डिलिव्हर झालीये."

"दुसरीही झाली. ती परत घ्या."

"दुसरी दिसत नाहीये सर."

"अहो, मी दिली ना एकाला! चांगली फुगते!"

"रिटर्नचं कारण काय टाकू? साइझ, रंग, खराब निघाली, आवडली नाही?"

"माझी नाही. असं कारण आहे का त्यात?"

तिने खरोखर शोधलं बिचारीने. "नाही सर, असा ऑप्शनच नाहीये." मग आवाज बारीक करून म्हणाली, "काका, ठेवून घ्या ना. कुणी विचारणार नाही."

मी म्हटलं, बाई, विचारून झालंय. आणि फोन ठेवला. आमच्याकडे घेण्याचे मंत्र आहेत, देण्याचे आहेत. घेतलेलं परत करण्याचा विधी आमच्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही. मी आहे आणि ते आहेत. उद्या स्वतः जातो.

१३ डिसेंबर, शनिवार

इथल्याच द्वारका चौकात गेलो. सर्कल ओलांडताना जीव मुठीत धरला. मागच्या गल्लीत त्यांचा हब म्हणजे एक लांबलचक गाळा, खोक्यांनी भरलेला. दिनेश नावाचा सुपरवायझर, एका वेळी दोन फोनवर बोलणारा. मी म्हटलं, तुमची जादा गादी माझ्याकडे आहे, ते सांगायला आलो.

त्याने दोन्ही फोन खाली ठेवले. "गुरुजी, तुम्हीच तर नाही म्हणालात ना?"

"माझा गैरसमज झाला होता."

"रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे." आणि त्याने ते लावलं, सगळ्यांसमोर. एक मागवली, एक मिळाली. माझाच आवाज. संकल्प सांगताना जसा खणखणीत असतो तसाच. ऐकवत नव्हतं.

तो गादीवाला सहा तारखेपासून घरी आहे. त्याचं नाव किशोर. आधी अंबडच्या कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर इकडे आला. दिनेश म्हणाला, "त्याने सांगितलं होतं ओ, गुरुजींनी ठेवून घेतली म्हणून. मग मी तुम्हाला फोन लावला. आता एकीकडे डिलिव्हरीवाला आणि एकीकडे पंचवटीतले गुरुजी. तुम्हीच सांगा, कुणाचं मानायचं? वरच्यांनी लिहिलं, माल परस्पर विकला."

"पण मी आता सांगतोय ना!"

"नुसतं सांगून नाही होत. माल लागतो. पंपाखाली नंबर असतो, तो आपल्या लिस्टशी जुळला की एन्ट्री बंद. सोमवारी वरचे साहेब येणारेत. तोपर्यंत आणा. नाहीतर त्याचं नाव कायमचं उडतंय. मग दुसरी कंपनी पण नाही घेत." त्याने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. शेवटचे आकडे ३५२.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. तो जिन्यात उभा राहून दोन ओळी मागत होता.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी काळूच्या खोलीवर गेलो. चार महिने पडून असलेल्या माणसाच्या अंगाखालून दिलेली गादी ओढायची, याला कुठलं तोंड लागतं?

काळू म्हणाला, "लय बेस हाय गादी, गुरुजी. पाठ जळत व्हती ना, आता नाय जळत." मीनाने चहा केला. मला सांगवेना. पंप तपासतो म्हणून वाकलो आणि खालचा नंबर वाचला. ४१७.

चष्मा पुसून पुन्हा वाचला. ४१७च. चिठ्ठीवरचा नंबर हा नव्हेच! एवढं हलकं वाटलं की चहा दोन घोटांत संपवला आणि निघालो. जिना उतरताना पाय थांबले. हा नाही, तर मग तो कुठला?

घरी येऊन आईच्या पलंगाखाली वाकलो. ३५२.

दिनेशला फोन केला. म्हणाला, माल निघतानाच स्टिकर उलटेपालटे लागले असणार, "तुमच्या बिलावर ४१७ आहे गुरुजी. म्हणजे ती तुमची. ३५२ कंपनीची." म्हणजे काळूकडची गादी आम्ही विकत घेतलेली, आणि आई दोन आठवडे दुसऱ्याच्या गादीवर. मी विचारलं, नवीन विकत घेऊन दिली तर? नाही, नंबर हाच हवा.

यशश्रीने लगेच दुसरी मागवली. ती येणार गुरुवारी. मधे चार दिवस. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत असाल, अगदी न चुकता, तर काढा. नाहीतर नको. आईच्या कमरेवर आधीच लालसर डाग आहे. मला काहीच ठरवता येईना. आई आहे माझी. तिकडे एक परका माणूस. ठरलं म्हणजे ठरलं असं गुरुवारी लिहिताना ते काळूच्या पाठीवर ठरवलं होतं, आईच्या नाही.

मालिनी म्हणाली, "दिवसाचं मी बघते, रात्रीचं तुम्ही. गजर लावा आणि काढा ती गादी." मी आईकडे बघितलं. ती सगळं ऐकत होती.

"तो माणूस घरी बसलाय ना तुझ्यामुळे?"

"हो."

"मग काढ की. विचारतोस काय? लहानपणापासून तुझं हेच. आधी ठणकावून नाही म्हणायचं, मग कोपऱ्यात बसून रडायचं."

१५ डिसेंबर, सोमवार

पहाटेच गादी काढली, पुसली, घडी केली. आई कापसाच्या गादीवर. एकदा कण्हली, मग म्हणाली, "बघत काय उभा राहिलास, जा."

मालिनी दोन तासांच्या हिशोबाने घरी. मी रिक्षाने द्वारका. साहेब आलेले होते. नंबर जुळवला. मी हाताने लिहून दिलं की वस्तू मी स्वतः घेतली, किशोर यांनी त्याच वेळी शंका काढली होती, मी ती उडवून लावली, त्यांनी लेखी मागितलं तेव्हा दिलं नाही आणि फोनवर मी जे बोललो ते खरं नव्हतं. शेवटचं वाक्य लिहिताना पेन अडलं. "चुकीचं होतं" लिहावं का, असं मनात आलं. पण नाही लिहिलं. साहेबांनी वाचलंसुद्धा नाही पुरतं. "ठीक आहे, चालू करा त्याचा आयडी." दोन मिनिटांत झालं. नऊ दिवस एका बाजूला आणि ही दोन मिनिटं.

किशोररावांना बोलावून घेतलं होतं. फाटकापाशी उभे होते. पंचेचाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली. मी हात जोडले. "किशोरराव, चूक माझी आहे. सगळी."

मला वाटलं होतं, म्हणतील जाऊ द्या गुरुजी. तसं काही म्हणाले नाहीत.

"काम चालू झालं, ते झालं. घरचं काय करू?"

"म्हणजे?"

"सविता गेली सायखेड्याला, माहेरी. पोरीला घेऊन. म्हणाली, गुरुजी माणूस कशाला खोटं बोलेल? तुम्हीच विकली. चोराच्या घरात पोर वाढवायची नाही मला."

मी म्हटलं, फोन लावा, आत्ता सांगतो तिला.

"फोनवर नको. फोनवर तुम्ही काय बोलता ते ऐकलंय मी."

अशा भाषेत माझ्याशी कुणी बोललेलं नाही. बुधवारी जायचं ठरलं.

१७ डिसेंबर, बुधवार

रात्री दर दोन तासांनी उठतोय, डोळे चुरचुरतात. पण आईच्या कमरेवरचा डाग वाढलेला नाही. मालिनी रोज उजेडात नीट बघते. उद्या नवी गादी येईल.

किशोररावांच्या गाडीवर मागे बसून सायखेड्याला गेलो. तासाभराचा रस्ता. मी मनात सगळी मांडणी करत होतो. तिथी कशी होती, बऱ्हाणपूरचा निरोप कसा आला होता, त्यामुळे गैरसमज होणं किती साहजिक होतं. चांगली मांडणी झाली होती.

सविताच्या आईने, सिंधुबाईंनी, मला बघताच लगबगीने सतरंजी टाकली आणि पाया पडायला वाकल्या. मी म्हटलं, नका पडू, मी त्या कामाला आलेलो नाही. सविता चुलीपासून उठून आली. आठ-नऊ वर्षांची पोर तिला चिकटून. किशोरराव उंबऱ्याबाहेरच थांबले.

मांडणीतलं काहीच तोंडात आलं नाही. म्हटलं, "बाई, तुझ्या नवऱ्याने गादी माझ्या हातात दिली. मी घेतली. विचारलं तेव्हा मी घेतली नाही म्हणालो. तो खरं बोलत होता. खोटं मी बोललो."

सिंधुबाई "अगं बाई" म्हणून खाली बसल्या.

सविता म्हणाली, "पण कळून नाही ना बोललात तुम्ही?"

बघा, मला वाट काढून देत होती. तीच वाट मी गाडीवर बसून शोधत होतो. मी म्हटलं, "दोनदा बघा म्हणाला होता. मी बघितलं नाही."

मग तिचा बांध फुटला. "दहा दिवस हे शपथा घेत होते, गुरुजी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला यांनी. मी मानलं नाही. आणि तुम्ही आज एकदा येऊन सांगितलं तर लगेच मानलं मी. लगेच!" पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे वळून म्हणाली, "आत या ना. बाहेर काय उभे राहिलात?"

किशोरराव हलले नाहीत. "आधी म्हण."

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे काय ते. आईंच्या देखत म्हणालीस ना तेव्हा? पोरीच्या देखत? तसंच आता म्हण."

सविताने पोरीला पुढे घेतलं. "तुझे बाबा चोर नाहीत," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही. मग पुन्हा म्हणाली, शेजारच्या ओट्यावरच्या बायका वळून बघतील इतक्या मोठ्याने. पोर सुटून पळाली आणि बापाच्या कमरेला जाऊन बिलगली. तेव्हा कुठे त्यांनी चपला काढल्या.

सिंधुबाई आत गेल्या आणि सवयीने नारळ आणि वर अकरा रुपये घेऊन आल्या. गुरुजी दारात आले की रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढंच त्या माऊलीला माहीत. माझा हातही पुढे गेला, सवयीनेच. मधेच मागे घेतला. त्यांना कळेना, पुन्हा पुढे करू लागल्या. मी म्हटलं, "नको. आज नको," आणि उठलो.

सविता पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली होती. किशोरराव पोरीला कडेवर घेऊन माजघरात उभे होते, तिच्या केसांत नाक खुपसून. माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, गाडीवर आता आम्ही तिघं. तुम्ही यष्टीने जाल ना?"

मी म्हटलं, जाईन की. स्टँडवर तासभर उभा होतो.